चाकापाशी धरलेले मौन

उस्ताद, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. मी आता वाळूजच्या कारखान्यात जात नाही. बजाजनगरच्या घरात पूजा आणि पारायण एवढाच व्याप उरला आहे. तरी श्रावणी सोमवारी जप करताना मन तिथल्या तुमच्या हवेच्या कॉम्प्रेसरपाशी जाऊन बसते.

तुम्ही नम्र नव्हता. स्विच बंद करून कुलूप घालायचे, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, टाकीतली हवा सोडून काटा शून्यावर आल्याखेरीज पान्याला हात लावायचा नाही, हे तुम्ही दर वेळी दरडावून सांगत असा. काढलेला पिस्टन कोणत्या सिलिंडरचा, त्याचे तोंड कुणीकडे होते, याची खूण करायला लावत असा. सर्वांत कडक नियम मात्र जोडणीचा होता. एकाचा हात आत असतो, दुसरा बाहेरून मोठे चाक फिरवतो, आणि चाकाबरोबर आतला पिस्टनचा दांडा हलतो. फिरवणाऱ्याने आधी विचारायचे आणि आतून ‘व्हय’ आल्याशिवाय चाक हलवायचे नाही.

त्या श्रावणी सोमवारी माझे मौनव्रत होते. तुम्ही पिस्टन बसवून खालचे बोल्ट आवळायला वाकलात आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, “पंडित, आज तू चाकापाशी नको. देवाला तुझं मनातलं ऐकू येत असंल, मला नाय येत.” मी हात जोडले, पान्याने दोनदा ठोकून दाखवले. ठोकून विचारीन, असा त्याचा अर्थ. तुम्ही हसलात. “बरं, ठोक. पण माझं व्हय ऐकल्याबिगर हलवू नको.”

मी ठोकतो. उत्तर येत नाही. ठोकणे तुम्हाला ऐकू गेले नसेल तर तोंड उघडून विचारावे लागेल, आणि आत नामाची लय लागलेली आहे. ठोकले म्हणजे विचारले, अशी मनाची समजूत घालून मी चाक ओढतो.

तुमची दोन बोटे दांड्याखाली चिरडली. मी ओरडलोही नाही. धावत जाऊन खुणांनी माणसे बोलावली. साहेबांनी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, “माझीच घाई झाली, साहेब.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, आणि त्यांनी तोच होकार मानला. त्यानंतर पिस्टनच्या रिंगा तुमच्या हाताने कधी बसल्या नाहीत. तुम्हाला स्टोअरमध्ये बसवले. तिथूनही तुम्ही मला ‘काय पंडित, आज बोलतोस का?’ म्हणून चिडवत राहिलात. ते चिडवणेच मला सोसवत नसे.

शास्त्रे मौनाला मनाचे तप म्हणतात. वाणीचे तप त्यांनी निराळे सांगितले आहे: सत्य आणि हिताचे बोलणे. हे मला तेव्हाही मुखोद्गत होते.

हे पत्र धाडण्याजोगा पत्ता नाही, आणि असता तरी मी ते धाडले नसते. कारण एक गोष्ट तुमच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य मला आजही नाही. त्या संध्याकाळी तुम्ही दवाखान्यात होता. मी घरी दिवा लावला, मौन सोडले आणि व्रत अभंग राहिले याचे मला समाधान वाटले.