भेगेवरची काच

वेनकोट हाउस,
१२ मार्च १९५३

प्रिय एडमंड,

आज मिस्टर प्रॉसर घराची पाहणी करून गेले. दुपारी ऊन होतं. चहाबरोबर त्यांनी दोन स्कोन खाल्ले.

तुझ्या नाचघराच्या भेगेवर जानेवारीत त्यांनी काचेची पट्टी सिमेंटने बसवून वर तारीख लिहिली होती. भिंत सरकली की ती फुटते. आज ती अखंड बघून म्हणाले, "बाईसाहेब, साडेतीनशे वर्षांचं घर आहे. गुडघे तुमच्या-माझ्यापेक्षा घट्ट आहेत त्याचे. शनिवारी खुशाल शाळेची मुलं येऊ द्या."

मी मान डोलावली. पहिली काच रविवारीच फुटली होती. दुसरी मी बसवली, तारीखही त्यांच्यासारखीच लिहिली. नाचासाठी तू मधली जुनी भिंत काढलीस, हेही बोलले नाही. त्यांच्या नकाशात ती अजून आहे. खरं सांगितलं तर घर पाडतील, आणि तू गेल्यावर मला एवढंच उरलं आहे.

ते गेल्यावर पुन्हा पाहिलं. माझी काचही तडकली आहे.

मला फार भीती वाटते. सकाळी त्यांना सगळं सांगेन.

तुझी बहीण,
हेस्टर

ता. क. फाटकावरची 'शनिवारी घर पाहण्यास खुले' ही पाटी उतरवून आणली आहे. चिखलाने भरली होती, म्हणून धुऊन ठेवते आहे.