देवीला न दिलेला कोंबडा

प्रिय धर्मा,

तुझा गुडघा बरा आहे ना आता? वहिनींचा दमा तिथे वर तरी थांबला असेल. आणि गोपाळ? भेटला का? तो तर ऐन विशीत गेला, ठणठणीतच असणार. मी आहे, दात सोडून सगळा शाबूत.

पत्राचं कारण सांगतो. तू घातलेली शपथ मी मोडली. तीही एका भिकार सिनेमापायी!

लढाईचा सिनेमा, पनवेलच्या मॉलमध्ये लागलेला. चिरनेरला दिलेली गोपाळची बहीण जनी मुद्दाम आली, भावाची लढाई कशी असेल ते बघायला. काय बघितलं म्हणून सांगू! आठ दिवस खंदकात बसलेल्या नटाचा भांग जागचा हलत नाही. दोस्ताला मरताना सोडून येतो, गावच्या देवळात घंटा बडवतो, एक गाणं रडतो आणि मोकळा! बाहेर नवरी उभीच. पश्चात्ताप म्हणजे काय पडसं आहे, एका वाफाऱ्यात उतरायला? आणि लोक टाळ्या वाजवतात!

मला तू दिसत होतास. तू आणि गोपाळ एकाच दिवशी फौजेत गेलात, परत आलास तू एकटा. त्यानंतर दर जत्रेला देवळाकडे पाठ करून खाडीच्या बांधावर बसायचास. पालखीला खांदा दे म्हटलं की पाय दुखायचे. एकदा मी चारचौघांत बोललो, हा फौजी देवीपेक्षा मोठा झाला. त्या जिभेची मला अजून किळस येते.

त्याच संध्याकाळी तू सांगितलंस, "खंदकात नवस बोललो, घरी ने, कोंबडा देईन. माझंच नाव घेतलं रे काशा. गोपाळ बाजूलाच होता." नवसाच्या दुसऱ्याच सकाळी गोपाळ खंदकातच गेला. तो नवस तू कधी फेडला नाहीस, आणि मला गप्प राहायची शपथ घातलीस.

पण धर्मा, देवी काय हजेरी घेणारी मास्तरीण आहे, नाव घेतलं नाही तर गैरहजर लावणारी?

सिनेमा सुटल्यावर जनीने विचारलं, धर्मादादा देवळात येत नव्हता, त्याचं पण असंच काय होतं काय? त्या रंगवलेल्या नटाशी तुझी बरोबरी! मला राहवलं नाही. सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसून सगळं सांगून टाकलं.

ती वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागली. मग म्हणाली, "नवस मी पन बोलले होते. दोगांचा. धर्मादादा आला, म्हनून त्याच्या नावाचा कोंबडा मी पयल्याच जत्रंला दिला. इचारायचं तरी होतं येड्यानं."

ऐकलंस? नुसती मान वळवली असतीस तर तिच्या हातातला कोंबडा दिसला असता तुला!

या जत्रेला जनी आणि मी जाणार. माझा खांदा आता पालखी पेलणार नाही, पण तुझ्या बांधापाशी ती थांबवीन, देवीचं तोंड तुझ्या जागेकडे करून. हे वचन.

शपथ मोडल्याच्या हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण उत्तर लवकर पाठव. गोपाळलाही दोन ओळी लिहायला सांग. जनी वाट बघते आहे.

तुझा,
काशिनाथ