वानरदेहीचे महाशय

चिरंजीव आकांक्षेस अंकुशनगरहून अनेक आशीर्वाद.

मानवाचा एचआयव्ही वानरदेही प्रथम टिकत नाही. परंतु एका वानरातून दुसऱ्यात नेत गेल्यास तो स्वतःत फेरफार करून तिथल्या रक्षणव्यवस्थेला चकवतो, हे तुझे संशोधन काल फोनवर श्रवण केले.

"काका, तुम्हाला काहून एवढी चौकशी?"

"ज्ञानपिपासा," मी वदलो.

वस्तुतः ते महाशय माझ्याही नश्वर देही वास्तव्यास असून गोळ्यांमुळे निद्रिस्त आहेत. तुझ्या काकूला मी त्या गोळ्या मधुमेहाच्या म्हणून सांगितल्या. हल्ली तीही थकते. परवा म्हणाली, "मलाबी शुगरच झाली असंन," आणि स्वतःच्या चहातली साखर तिने बंद केली.

तिचे रक्त तपासून घे, एवढेच तुला विनवायचे होते. त्याऐवजी मी वानरांचे क्षेमकुशल विचारले.

टपालपेटीपर्यंत न पोहोचणारा,
तुझा वाचाळ काका
रामप्रसाद