पत्नी ठरल्या तारखेस न वारल्याबाबत

प्रति,
मा. सचिव, विश्वस्त मंडळ,
लोहबांधणी कामगार निवृत्तिवेतन निधी,
शिकागो.

विषय : पत्नी प्रमाणित तारखेस न वारल्यामुळे मनोऱ्याच्या वरच्या चार मजल्यांच्या स्थगितीस मुदतवाढ मिळणेबाबत.
संदर्भ : आपले स्थगितीपत्र, दि. ९ जानेवारी.

महोदय,

१. मी लोखंडी सांध्यांचा निवृत्त तपासनीस असून पत्नी बिरुटा हिच्यासह संघटनेच्याच वृद्धनिवासात राहतो. आपल्या निधीच्या कर्जावर दक्षिणेस उभा राहणारा मनोरा आणखी चार मजले चढताच तिच्या अंथरुणावरचे दुपारचे ऊन बंद होते, हे मी सूर्याच्या उंचीवरून सप्रमाण दाखवले होते. तिला फुप्फुसाचा कर्करोग आहे. बेमुदत स्थगिती नियमात बसत नसल्याने आपण मृत्यूची तारीख मागितली. डॉक्टरांनी नाइलाजाने १५ फेब्रुवारी लिहून दिली. आज अठरा असून ती जिवंत आहे.

२. एवढी तफावत कोणत्याही मोजमापात गृहीत धरली जाते. तथापि, ती रुग्णाने हेतुपुरस्सर केलेल्या दिरंगाईमुळे उद्भवलेली नाही, असे आपल्या मागणीनुसार प्रमाणित करतो.

३. काम थांबलेले तास गड्यांच्या निवृत्तिवेतनात धरले जात नाहीत. त्यांचा रोष मला समजतो. माझेही निवृत्तिवेतन त्याच मनोऱ्यात गुंतले आहे. परंतु मुकादम डोनाल क्विर्क यांनी परवा खिडकीखाली येऊन विचारले, "काय हो गेड्विला, काकू आहेत का अजून? की आम्ही येऊन हातभार लावू?" शेवटच्या तुळईवर देवदाराचे रोप बांधून ती चढवण्याचा आपला रिवाज आहे. ते रोप वाट पाहून वाळले, म्हणून त्यांनी आमच्या दाराशी आणून ठेवले. बिरुटा म्हणाली, "मेल्यांनी पाणी तरी घालायचं. झाडाला म्हणतेय मी."

४. रविवारी तिने पलंग भिंतीकडे फिरवून घेतला. "माझ्यापायी पोरांचे तास बुडायला नकोत," म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे अर्जात लिहू नकोस हं, आल्फोन्स. हिला ऊन नकोच म्हणून आजच मजला चढवतील. मला बरं वाटलं की परत फिरायचंय."

स्थगितीच्या अटींनुसार परिस्थितीतील प्रत्येक बदल कळवणे बंधनकारक आहे. म्हणून कळवले.

तरी ती परत फिरेल तेव्हा ऊन असावे, इतपत मुदत मिळावी.

आपल्याच वर्गणीदारांपैकी एक,
आल्फोन्स गेड्विला
दि. १८ फेब्रुवारी

सोबत :
१) डॉक्टरांचा दाखला (तारीख टळलेला).
२) पत्नी हयात असल्याचा दाखला (फक्त आजपुरता ग्राह्य).