गाडीनंही वर्ष पाळलं

मामा, मी तुमची सून बोलतेय. लिहितेय माझी नात, म्हणजे तुमची पणती. माझं 'व्हतं' ती 'होतं' करून लिहिते आणि वर मलाच म्हणते, आजी, जरा दमानं सांग. आज अमावास्या आहे. सकाळी आळीतल्या सगळ्या ट्रॅक्टर-टेम्पोंना लिंबू-मिरची बांधली, नारळ फुटले, आणि मला आपल्या कांदाचाळीतली तुमची ती शर्यतीची गाडी आठवली. तुम्ही असताना अमावास्येचा पहिला नारळ तिचा असायचा. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिचं पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

नव्वद साल नुकतं उलटलं होतं, तेव्हा तुम्ही काम सोडून पुण्याहून गावी आलात आणि मागनं ट्रकमध्ये ती आली. पुण्यात ज्या शेठकडं तुम्ही जन्मभर मिस्त्री होतात, तो तिच्यावर बसून जुन्या धावपट्टीवर शर्यती मारायचा. शेठ परदेशी गेला आणि जाताना गाडी तुमच्या हवाली करून गेला. सगळं बोरी गाव बघायला लोटलं. लोकांना वाटलं, मोटार म्हणजे मोटारीसारखी असेल. उतरली ती ही! बुटकी, हिरवी, वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, नाक हे लांब, चाकांना सायकलीसारख्या तारा, आणि बॉनेट उडू नये म्हणून वरून चामड्याचा पट्टा आवळलेला. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "राहिलेली अर्धी मागनं येतीय का?" आणि आत्याबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "लोकं जलमभर राबून बंगला बांधत्यात. आमच्यांनी ह्ये कलिंगड आणलं." तुम्ही फडकं घेऊन कलिंगड पुसायला लागलात.

मग एका घरात दोन शर्यती झाल्या. तुमचे चिरंजीव बैलगाड्याचे वेडे. त्यांच्या बैलांना दूध-अंडी, तुमच्या गाडीला तेल-ग्रीस, आणि आम्हाला उरलंसुरलं. ओट्यावर बसून तुमचं दोघांचं चालायचं. तुम्ही म्हणायचात, "तुझा बैल म्हातारा व्हतो, माझी गाडी न्हाई व्हत." हे म्हणायचे, "आबा, तुमची गाडी शेण बी देत न्हाई." मी आत भाकऱ्या थापत हसायची. आत्याबाईंना मात्र हसू यायचं नाही, कारण पेट्रोलची बाटली त्यांना दिसायची. त्यावर तुम्ही शोधलेला तोडगा अजून आठवतो. इंजिन अधनंमधनं फिरवलं नाही तर आत गंज धरतो, हे त्यांना पटणारं नव्हतं. म्हणून तुम्ही अमावास्या धरली. हळद-कुंकू, नारळ, लिंबू, आणि पूजा झाली की "देवाच्या नावानं एकदा चालू करतो." देवाच्या नावाला आत्याबाई कशा अडवणार? तुम्ही माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केलात. घरात ती लबाडी तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होती.

नंतर तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शस्त्रक्रिया झाली पण नजर काही परतली नाही. गाडी तर चालायला पाहिजे. तेव्हा तुम्ही मला निवडलंत. मी म्हटलं, "मामा, मला वाचता येत न्हाई, त्या काट्यांवरचे आकडे कोण सांगंल?" तुम्ही म्हणालात, "आकडे बघून तुला काय बिल भरायचंय? लाकूड ओलं का सुकं ते तुला चुलीच्या आवाजावरनं कळतं ना? मग झालं." त्याच दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून माझ्या परातीतल्या पिठात तुम्ही बोटानं गिअर आखलेत. पहिला वर, दुसरा खाली, मधी मोकळा. मी उलथनं धरून गिअर टाकत होते. तव्यावरची भाकरी करपली आणि आत्याबाई ओरडल्या, तर तुम्ही म्हणालात, "तिला काय बोलू नको, ती आता चढाला लागलीय."

यात्रेचे दिवस सोडले तर बैलगाड्यांचा घाट वर्षभर ओस असतो, तुम्हाला काय सांगायचं. मातीची ती सरळ चढाची धाव, दोन्ही बाजूंना बांध, माणूस ना काणूस. पहाटे आपण तिथं जायचो. माझे पाय पुरत नव्हते म्हणून तुम्ही जुन्या ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन कापून, आत सावरीचा कापूस भरून, पाठीला लावायची उशी चाचपत चाचपत शिवलीत. सुनेला सासऱ्यानं साडी-चोळी दिलेली मी ऐकली होती. उशी मिळालेली मी एकटीच. मी कासोटा घट्ट मारून बसते, खालून गाडी सोडते. तुम्ही वर घाटाच्या तोंडाशी डोळे मिटून उभे आहात, मान थोडी तिरकी, जसं कुणी भजन ऐकतं. मी वर पोचले की निकाल. "दुसरा उशिरा टाकलास." "आज बरी सोडली." आणि एकदा मी क्लच अर्धवट दाबून धरला, जळका वास आला, तेव्हा माझ्यावर उभ्या जन्मात कधी आवाज न चढवलेले तुम्ही कडाडलात, "क्लच म्हंजे पायपुसणं न्हाई!" मला रडू आलं. तुम्हाला ते दिसलं नाही, पण ऐकू गेलं असणार, कारण परतताना तुम्ही विनाकारण तीन वेळा खाकरलात.

त्याच घाटात चैत्राच्या यात्रेला, बैलगाडे सुटायच्या आधी, गाडीनं एक बारी मारायची असं तुमच्या मनात आलं. बारी म्हणजे खालून वर एक धाव, आणि ती मारणार सूनबाई. हे म्हणाले, "आबा, बैल बुजतील." तुम्ही म्हणालात, "बैल बुजतील का तू?" सगळे हसले, मीही पदराआड हसले. पण त्याच दिवसांत लेकीला बघायला आळे गावचे पाहुणे यायचे होते. हिची आई भर यात्रेत उघड्या गाडीतून धावली, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर? मी म्हटलं, "पुढच्या वर्षी, मामा." तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं," आणि गाडीवर गोणपाट ओढलंत. ते पाहुणे आलेच नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पुढची यात्रा यायच्या आधी थंडीत तुम्ही गेलात.

आता पुढचं. तुमचे दिवस उरकल्यावर पहिली अमावास्या आली. मी पेट्रोलची बाटली काढली. हे म्हणाले, "वरीस सरल्याबिगर घरात सण न्हाई. नारळ फोडायचा न्हाई." मी काय सांगणार होते? की नारळ नुसतं नाव होतं, खरं काम इंजिनाचं होतं? आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, उघड्या कपाळानं. गेलेल्या माणसाची लबाडी त्याच्या बायकोपुढं त्या दिवशी उघडी करायला माझी जीभ रेटली नाही. मी बाटली परत फळीवर ठेवली. पुढच्या अमावास्येला तेच. दिवाळी केली नाही, दसऱ्याला तोरण लावलं नाही, मधे पावसाळा गेला, आणि चाळीत तुमची गाडीही आमच्यासारखीच गप्प बसून राहिली. वर्षश्राद्ध झाल्यावर यांनी स्वतः मोठा नारळ आणला, हार आणला. पूजा केली, पुढून हँडल घातलं. हँडल हलेना. आळेफाट्याहून मिस्त्री आणला. त्यानं जोर लावला, कान लावला आणि विचारलं, "बाई, वरीसभर फिरवलं न्हाई का? आत सगळं धरलंय."

"घरात वरीस पाळलं व्हतं," मी म्हटलं.

"आवं, माणसानं पाळायचं. गाडीला कशाला पाळायला लावलं?"

तुमचे चिरंजीव चाळीच्या कुडाला धरून उभे राहिले. बैल मेला तेव्हासुद्धा मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

त्या मिस्त्रीकडूनच कुठून तरी बातमी फिरत गेली आणि काही वर्षांनी पुण्याहून एक साहेब आले. जुन्या शर्यतीच्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. चांगली इस्त्रीची पँट घालून ते सरळ गाडीखाली झोपले, तेव्हाच मला माणूस आवडला. रंगावर नख ओढून बघितलं, पत्र्यावरचा पोचा बोटानं चाचपला. म्हणाले, "आजी, रंग मूळचा आहे, पोचे पण मूळचे आहेत. या गाडीचं मोल असल्या डागांतच असतं." मी म्हटलं, "मग माझ्याकडं बी एकदा बघा, माझं बी वाढलं असंल." ते हसले, मग पुढं बघू लागले. ही नळी पंपाची आहे, मूळची नाही. हे बेअरिंग ट्रॅक्टरचं. हा पट्टा कुणीतरी हातानं शिवलाय. जिथं जिथं तुमचा हात लागला होता, तिथं तिथं ते मान हलवून मोल कमी करत होते. चुकीचं बोलत नव्हते, त्यांच्या धंद्याची रीत असेल. पण मी आत चहा टाकायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही. बाकीचा सौदा यांनी ठरवला. मी अट घातली एकच: गाडी नुसती पुसून ठेवायची नाही, चालवायची, आणि चालू झाली की एकदा मला द्यायची. साहेब म्हणाले, "शब्द." मला वाटलं, म्हातारीला दिलेला शब्द, कोण लक्षात ठेवतो?

त्यांनी ठेवला. फोन आला की जुन्या गाड्यावाले मित्र मिळून लेण्याद्रीला निघालेत, तुम्ही पायथ्याशी या. आम्ही गेलो. यात्रेकरूंची गर्दी नव्हती. मला बघून एक डोलीवाला पुढं आला, "आजी, वर न्यायचं का?" म्हटलं, "बाबा, मी खालीच उडणारे." आणि समोर ती उभी. तीच हिरवी, त्याच पोच्यांची. आतलं सगळं नवं, म्हणजे जुनंच, परदेशातून मूळचं मागवलेलं; तुमचं काही राहिलं नव्हतं. साहेबांनी चावी दिली. हे हळूच म्हणाले, "जमंल का?" मी कासोटा मारला.

मामा, ती खोकत नव्हती. तुमच्या वेळी दुसरा टाकला की घसा साफ केल्यासारखी करायची, ते गेलं होतं. मोकळ्या रस्त्यानं मी तिला सोडली. दोन्ही बाजूंची द्राक्षं, कांद्याची वावरं मागं पळाली, डोक्यावरचा पदर उडाला तो मी धरला नाही, मोटारसायकलवरची पोरं ओरडली, "आवं आजी, हळू!" मी वळून परत आले, गाडी उभी केली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेबांनी टोपी काढली. हे जवळ आले. उभ्या संसारात चारचौघांत माझ्या खांद्यावर कधी हात न ठेवलेला माणूस, त्यानं ठेवला आणि विचारलं, "आबांची आठवण आली ना?"

मी मान हलवली. साहेबांनी पाण्याची बाटली पुढं केली, आणि गाडी घेऊन ते निघून गेले. पुढं ते पुण्याचे साहेबही वारले आणि गाडी कुणाकडं गेली ते मला माहीत नाही. हा कागद नात घडी घालून ठेवते म्हणतेय, ठेवू दे. यांना वाचून दाखवायचा नाही, एवढं बजावलंय.

कारण ते खोटं होतं, मामा. जाऊन येईपर्यंत तुमची एकदाही आठवण आली नव्हती. मला अजून एक फेरी पाहिजे होती, आणि मागायची लाज वाटली.