सगळ्यांना मनाई

३ एप्रिल २००७, मंगळवार
सकाळपासून संगणकाच्या पोटातून आवाज. सुपारी कातरल्यासारखा. कट्, कट्, मग शांत, पुन्हा कट्.
शेखभाईंना फोन. पूर्वी माझा टाइपरायटर दुरुस्त करायचे. टाइपरायटर संपले तसे संगणकात शिरले. नाना पेठेतलं दुकान तेच, पाटी बदलली. फोन यंत्राला लावून आवाज ऐकवला. म्हणाले, "ताई, हार्ड डिस्क चालली. आज जाईल, महिन्याने जाईल. आत जे आहे त्याची नक्कल बाहेर काढा. रडायचं ते नंतर."
आत माझी सगळी भाषणं. बँकेच्या दारावरच्या पहिल्या सभेपासून निवृत्तीच्या निरोपापर्यंत. दोन हिवाळे बसून टाइप केली आणि हस्तलिखितं रद्दीत घातली. माळा मोकळा झाला म्हणून वर आनंद.
त्यातली निदान सहा भाषणं बँकेत संगणक येऊ नये म्हणून केलेली. हे आता कुणाला सांगायची सोय नाही.

४ एप्रिल
शेखभाईंनी मागेच एक बॅकअपचा प्रोग्राम घालून दिला होता. आज चालू केला. पडद्यावर चौकट: आपल्याला हे करण्याची परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा. इंग्रजीत होतं, पण उर्मटपणाला भाषा लागत नाही. खाली एकच बटण, 'ओके'. असहमतीला बटणच नाही! मी असल्या व्यवस्थापनाशी बावीस वर्षं लढले.
प्रशासक कोण, ते जेवताना कळलं. वसंत. माझा नवरा. आमटी ओरपत म्हणाला, "मीच की. पहिल्या दिवसापासून."
"मग मी कोण?"
"तू मर्यादित वापरकर्ती."
बँक कर्मचारी संघटनेची सरचिटणीस. मर्यादित.

५ एप्रिल
व. आयुष्यभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. मागणीची चिठ्ठी, दोन प्रती, खाली सही. त्याशिवाय खिळासुद्धा बाहेर गेला नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, स्टोअर काही निवृत्त झालेलं नाही.
पासवर्ड मागितला. "पासवर्ड कुणाला सांगत नसतात. काय हवंय ते लिहून दे, मी करून देतो."
"म्हणजे अर्ज? नवऱ्याकडे?"
"प्रशासकाकडे."
उभ्याने दहा मिनिटं बोलले. अधिकाराचं केंद्रीकरण, बाईचे श्रम, त्या श्रमांच्या फळाला दुसऱ्याचं कुलूप. चांगलं झालं, शेवट विशेषच. व.ने सगळं ऐकून घेतलं. "पटलं. चिठ्ठी टेबलावर ठेव."
ठेवणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ एप्रिल
असहकार. चहा फक्त स्वतःपुरता केला. व.ने स्वतःचा केला, आणि वासावरूनच कळलं की माझ्यापेक्षा चांगला झालाय. असहकारातला हा धोका पूर्वी ध्यानात आला नव्हता.
दुपारी यंत्र दोनदा आपोआप बंद. तिसऱ्यांदा सुरू व्हायला फार वेळ लागला. तेवढ्यात एखादं भाषण मनातल्या मनात म्हणून पाहिलं. सुरुवात आठवते, टाळ्या आठवतात. मधलं काही नाही. सगळं त्या डबड्यात.
चार ओळी खरडल्या. 'विनंती' टाळून 'मागणी' लिहिलं, तेवढाच विजय. व.ने चष्मा लावून वाचलं.
"दुसरी प्रत?"

७ एप्रिल
दुसरी प्रत दिली.
व.ने पासवर्ड मारला. चूक. पुन्हा मारला. चूक. स्टोअरची कुलपं दर तिमाहीला बदलत, म्हणून हा पासवर्डही बदलतो आणि वहीत लिहितो. वही कपाटात. कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात. डबा मी गेल्या आठवड्यात बदललेला. तासभर शोध.
शेवटी प्रोग्राम चालू झाला आणि लगेच अडला. एका फोल्डरला हात लावायची परवानगी नाही. प्रशासकालाही नाही! मी हसले, चांगली खदखदून. व. हसला नाही.
फोल्डरचं नाव 'जुना स्टॉक'.
"काय आहे त्यात?"
"काही नाही. जुनं."
आणि उठून गेला.

८ एप्रिल, रविवार
शेखभाई बाहेरची डिस्क घेऊन स्कूटरवरून धायरीला आले. दारातच, "ताई, हे पुणे आहे असं महापालिकेला कुणी कळवलंय का?" रस्त्याबद्दल. चहा झाला. मग यंत्रापुढे बसले, चष्मा कपाळावर.
"साहेब, या फोल्डरला तुम्ही काय केलंत?"
"सगळ्यांना मनाई लावली."
"सगळ्यांना?"
"सगळ्यांनाच. स्टोअरच्या दारावर पाटी होती, कोणासही प्रवेश नाही. मी आतच बसायचो."
"अहो, पण यंत्राने तुम्हालाही त्या सगळ्यांत धरलंय. स्टोअरकीपर वेगळा, हे त्याला कुणी सांगायचं? कधी लावलीत?"
"दोन वर्षं झाली."
दोन वर्षं हा माणूस स्वतःच्याच दाराबाहेर उभा. आणि कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं तर आत काय आहे तेही बोलावं लागलं असतं.
शेखभाई म्हणाले, "सोपं आहे. फोल्डरची मालकी पुन्हा तुमच्या नावावर घ्यायची, मनाई काढायची. काढू?"
"नको. ते वगळा. हिची भाषणं काढा."
वगळलं. माझं सगळं सुखरूप बाहेर आलं. डिस्क चिक्कीच्या वडीएवढी, हातात घेऊन बसले. आनंद व्हायला हवा होता. व. गॅलरीत झाडांना पाणी घालत होता, सकाळी घातलेलं असताना.
जाताना शेखभाई हळूच, "डिस्क राहू द्या तुमच्याकडे. यंत्र मात्र बंद करू नका. पुन्हा सुरू होईल असं मला वाटत नाही."
गुरुवारी आमच्याकडे दिवसभर वीज नसते.

९ एप्रिल
व. भाजीला गेला. यंत्र त्याच्याच नावाने उघडं. मालकीचं बटण कुठे असतं, ते काल शेखभाईंनी बोट ठेवून दाखवलेलं. दोन टिचक्या.
व्यवस्थापनाला मी कायम सांगत आले: कागद उघडे करा, लपवता ते का लपवता? आज त्या बटणासमोर बसून तीच वाक्यं आठवली आणि एकही लागू पडेना.
उठले. गवार मोडली. आज गवार करायची नव्हती.

१० एप्रिल
सरळ विचारलं. व. म्हणाला, "उत्तरं आहेत."
"कसली?"
"तुझ्या भाषणांची."
प्रत्येक सभेला हा मागे सायकल धरून उभा असायचा. मला वाटायचं, न्यायला आलाय. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये बसून हा मुद्द्याला मुद्दा लिहीत होता! निवृत्तीनंतर टाइप केलं. मूळ कागद? माझ्या हस्तलिखितांबरोबर माळ्यावर होते. रद्दीवाल्याला मीच दिले.
"म्हणजे तुला पटत नव्हतं?"
"काही पटायचं. संगणकाचं अजिबात नाही."
"मग बोलला का नाहीस?"
"कधी? तू मध्ये श्वास घेत नाहीस."
घरात विरोधी पक्ष, आणि मला पत्ता नाही! संतापाने भाजीत मीठ दोनदा पडलं. व.ने मुकाट खाल्ली. आता त्याच्या मुकाट खाण्याचाही भरवसा वाटत नाही.

११ एप्रिल
उद्या गुरुवार. व. म्हणतो, "जाऊ दे. कोण वाचणार आहे?"
मी सुरू केलं: विरोधी मत जिथे जपलं जात नाही तिथे... त्याने नुसतं पाहिलं. थांबले. मधेच थांबण्याची सवय नाही. मग म्हणाले, "मला नको दाखवूस. पण जाऊ देऊ नकोस."
तो कितीतरी वेळ किल्ल्यांचा जुडगा फिरवत बसला. मग स्वतःच शेखभाईंना फोन लावला. ते तिकडून सांगत, हा इकडे टिचक्या मारत. मालकी त्याच्या नावावर. मनाई काढली. फोल्डर उघडलं. मी तोंड भिंतीकडे केलं होतं, तरी एक नजर गेली: प्रत्येक फाइलच्या नावात एक तारीख. माझ्या सभांच्या तारखा.
नक्कल होत असताना कट् कट् इतकी वाढली की दोघांनीही श्वास धरला. झाली.
माझ्याच डिस्कवर, शेजारी.

१२ एप्रिल, गुरुवार
सकाळी वीज गेली. संध्याकाळी आली. यंत्र आलं नाही.

१७ एप्रिल
शेखभाईंनी नवी हार्ड डिस्क बसवली. प्रशासक दोघंही. व.ने रजिस्टरमध्ये नोंद करून सही घेतली, केली मी.
मग त्याने एक उत्तर छापून घेतलं. अकरा पानं. म्हणाला, "एकच वाचून दाखवतो. अट अशी, मध्ये बोलायचं नाही."
पाच वाजता, गॅलरीत. मी खुर्चीवर, तो उभा. "वक्त्या म्हणतात, यंत्राला माया नसते. मान्य. आमच्या साहेबांनाही नव्हती. पण यंत्राने आजवर कुणाची बढती आपल्या मेहुण्याला दिलेली नाही."
मी तोंड उघडलं. त्याने चष्म्यावरून पाहिलं. मिटलं.
आवाज चांगला आहे त्याचा. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.
दोन पानांनंतर पाणी प्यायला थांबला. "पुरे?"
"वाच."
"उद्या. दम लागतो. तू कशी करायचीस कोण जाणे."
नऊ पानं राहिली. पहिला मुद्दा बरोबर आहे. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.