झाकून आलेलं जेवण

होल्मक्रीक, मिनेसोटा
मक्याची कापणी संपता संपता

ती. मर्नाताईस,

धाकट्या एल्डाचा मनापासून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण वाकलं की कंबर धरते आणि मग उठवायला लायलला शेतातून बोलवावं लागतं.) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाब काय म्हणतो? अ‍ॅरिझोनाच्या उन्हात हाडं शेकून निघतात असं तू नाताळच्या कार्डावर लिहिलं होतंस, ती शेकून झाली असतील तर थोडं ऊन इकडे पाठव. इकडे सगळे खुशाल. लायलचा गुडघा, चर्चचं छप्पर आणि मक्याचा भाव सोडला तर कशालाच काही झालेलं नाही. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पाकीट फोडताना धसका घेणार नाहीस. हे पत्र आईच्या निळ्या काठाच्या भांड्याबद्दल नाही. आई गेल्यावर ते भांडं तू गाडीच्या मागच्या सीटवर दोन उशांमध्ये बसवून, लहान मुलाला न्यावं तसं पट्टा बांधून घेऊन गेलीस, त्याबद्दल मला एक अक्षर काढायचं नाही. आजवर काढलेलंही नाही. (बाकीही काही बोललो नाही आपण, हे खरं. पण तो वेगळा विषय आहे.)

तर झालं असं. कापणी सुरू झाली त्या सकाळी मी कपडे वाळत घालून आले, तर पडवीच्या पायरीवर टॉवेलात गुंडाळलेलं काचेचं भांडं. हात लावला तर गरम. आत नूडल्स, टूना मासा, डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर कुरकुरीत थर, म्हणजे आपली नेहमीची हॉटडिश. आता तू कितीही वर्षं वाळवंटात राहिलीस तरी हे विसरली नसशील की आपल्याकडे झाकलेलं भांडं कुणाच्या दारात उगाच येत नाही. एक तर घरात बाळ झालेलं असतं, किंवा कुणाचं ऑपरेशन, किंवा कुणी गेलेलं. बाळाचं म्हणशील तर माझं वय बघ. ऑपरेशन लायलचं झालं, त्याला दोन हिवाळे उलटले. राहिलं तिसरं. मी टॉवेल हातात घेऊन तशीच शेडकडे पळाले. लायल कापणीच्या यंत्राखाली, बाहेर फक्त बूट दिसत होते. बूट हलेपर्यंत मी तिथे उभी होते, आणि हलले तेव्हा जीव भांड्यात पडला.

"काय गं, काय झालं?" खालून आवाज.

"काही नाही. जेवायला ये, गरम आहे."

लायलने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "चांगलं झालंय, पण वाटाणे किती घातलेस!" माझा घास तोंडातच राहिला. एवढे वाटाणे आपल्या पंचक्रोशीत एकच बाई घालायची. भांडं धुऊन पालथं घातलं तर तळाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर ते ठसठशीत अक्षर: गुड्रुन आसेन. मर्नाताई, गुड्रुनबाई वसंतातच गेल्या. त्यांच्या मयताच्या जेवणाला बटाटे मी सोलले होते, पावांना लोणी इर्माने लावलं होतं. आणि आमचा टिपी, जो पोस्टमनला रोज नव्याने बघतो आणि रोज नव्याने भुंकतो, तो पायरीशी बसून शेपूट आपटत होता. गुड्रुनबाई त्याला हाडकं आणायच्या. खडीवर चाकांची खूण नव्हती. दवात पाऊलही उमटलं नव्हतं.

मी भांडं घेऊन इर्माकडे गेले. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर इर्मा चालवते हे तुला माहीत आहे; गावातलं प्रत्येक भांडं ती तळावरून ओळखते, माणसांच्या नावांना मात्र अडखळते. तिने चष्मा लावला, भांडं उजेडाला धरलं आणि कपाळाला आठी घातली. मला वाटलं आता घाबरेल.

"हे गुड्रुनचंच. पण परत काय घालून देणार आहेस?"

"इर्मा, त्या गेल्यात!"

"गेल्या म्हणून काय रिकामं भांडं द्यायचं? लोक काय म्हणतील?"

(कुठले लोक, हे विचारायचं राहिलं.) तर मी लिंबाच्या वड्या केल्या, गुड्रुनबाईंच्या भांड्यात रचल्या, वर स्वच्छ टॉवेल झाकला आणि त्यांच्या थडग्याच्या दगडाशी ठेवून आले. उभ्या उभ्या "छान होतं हो, लायलने दोनदा घेतलं" असंही म्हणाले, वाटाण्यांचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर वड्या नाहीत, भांडंही नाही. टॉवेल तेवढा घडी करून दगडावर ठेवलेला. लायल म्हणाला रानातला रॅकून असेल. वड्या रॅकून खाईल हे मी मानते. पण चार पदरी घडी?

त्यानंतर रांगच लागली. हेस्टर लुंडची हिरवी जेली, आत किसलेलं गाजर, तीच ती जी चर्चमध्ये सगळे वाढून घेत आणि कुणीच खात नसे. (लायलने खाल्ली. तो म्हणतो मेलेल्या माणसाचं मन मोडू नये.) मग कुणाचे गोड सॉसमधले मीटबॉल, कुणाची तांदळाची खीर. प्रत्येक भांडं गरम किंवा हवं तेवढं गार, प्रत्येकाच्या तळाला पट्टी, आणि प्रत्येक पट्टीवरची बाई चर्चमागच्या कुंपणाच्या आत. बहुतेकदा मी पाठ फिरवायची आणि वळून बघायची, की आलेलं असायचं. एकदा तर मी मुद्दाम खुर्ची टाकून पडवीकडे बघत बसले. शिंक आली. शिंकून डोळे उघडले तर पायरीवर बटाट्याचं सॅलड.

पाद्री फॉस येऊन गेले. ते शहरातून आलेले, तरुण आहेत, घाबरले की हसतात. असल्या बाबतीत चर्चचं ठरलेलं असं काही मत नाही, असं त्यांनी सांगितलं, प्रार्थना केली आणि जाताना मीटबॉल बांधून नेले. इर्मा मात्र रागावली. "वरचं मंडळ आपल्यापेक्षा कामसू निघालं की. शरदाच्या जेवणावळीला इथे मी घरोघर फोन करते, तर एकीचा खांदा धरलेला आणि एकीची नात आलेली!" हसलो आम्ही दोघी. मग हसता हसता ती माझ्या हातातलं भांडं घेऊन पुसलेलंच परत पुसायला लागली आणि खाली बघत म्हणाली, "एल्डा, गुड्रुन काय, हेस्टर काय, उगाच कधी कुणाकडे गेल्या नाहीत. आणि कुणी सांगायच्या आत पोचायच्या."

तेच माझ्याही मनात होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते खरं वाटायला लागलं. जेवण मागे राहणाऱ्याला येतं, ताई. आणि या घरात आम्ही दोघंच. मला लायलशिवाय राहायचं नाही. हे मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही, आपल्याकडे असलं बोलायची पद्धत नाही, म्हणून मी पद्धतीतलं जे करता येईल ते केलं. धान्याच्या कोठीची शिडी कोंबड्यांच्या खुराड्यात लपवली. रोज दुपारी सँडविच घेऊन यंत्राच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी चढून बसले. (जागा एकाची आहे. गियर बदलला की माझ्या बरगडीत.) त्याच्या ताटातलं मीठ काढलं, कॉफीतली साखर काढली. लायल गावच्या अग्निशमन दलात आहे; भोंगा वाजला तेव्हा त्याचे बूट सापडेनात, कारण मी त्यांवर बसले होते. दलातली माणसं त्याला न घेताच गेली. नुसतं खड्ड्यातलं गवत पेटलं होतं, पण इतक्या वर्षांत लायल पहिल्यांदाच बंबावर नव्हता. तो तणतणत आत आला.

"असं कोण मरतंय इथे?"

"तेच मला कळत नाहीये," मी म्हणाले आणि रडले. बुटांवर बसूनच.

लायल शेजारी टेकला. म्हणाला, "मला पण वाटाण्यांच्या वेळीच कळलं होतं गं. पण तू घाबरशील म्हणून गप्प बसलो." मग थोड्या वेळाने, "घर चुकलं असेल. गुड्रुनला शेवटी शेवटी दिसत कुठे होतं?" आणि मोजे काढून त्याने मला त्याचे दोन्ही पाय दाखवले, की बघ, धडधाकट आहेत. मर्नाताई, छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यासाठी इतकं गोड काही केलेलं नाही.

आणि झालं काय, तर काहीच नाही. काल शेवटच्या ओळी कापून झाल्या. मका कोठीत पडला, शिडी खुराड्यातून बाहेर आली (कोंबड्यांनी तिचं जे केलं ते लिहीत नाही), लायल जिवंत आहे आणि त्या बायकांच्या कृपेने पट्ट्याचं एक भोक पुढे सरकला आहे. तेव्हा मी असं ठरवलं आहे की बिचाऱ्यांना वर करमत नसावं. आयुष्यभर दुसऱ्यांना खाऊ घातलं, आता तिथे कुणाला भूक लागत नाही; मग करणार काय? इर्मालाही हे पटलं. तिने शरदाच्या जेवणावळीसाठी सहा भांड्यांची विनंती कुंपणाशी उभं राहून मोठ्याने वाचूनही दाखवली. बघू, येतात का.

हे सगळं तुला लिहायचं कारण एवढंच की जेवणावळीसाठी मला आईच्या दुधातल्या बटाट्यांची कृती हवी आहे, हॅम घालून ती करायची ती. जायफळ आधी की मागून, हे मला आठवत नाही. सवडीने कळव. प्रकृतीला जप, उन्हात टोपी घाल. लायलचा तुला नमस्कार.

तुझी,
एल्डा

ता. क. कृती नको आहे. मला ती पाठ आहे, जायफळ मागून. आज सकाळी अजून एक भांडं आलं आहे आणि मी हे सगळं पत्र त्याच्या समोर बसून लिहिलं. हसवत हसवत लिहिलं तर खोटं ठरेल असं वाटलं.

ता. क. पुन्हा. पांढरं, निळ्या काठाचं आहे, आत तेच दुधातले बटाटे. एका कानाचा टवका उडालेला, तोच, जो मी पाडला आणि मार तू खाल्लास. तळाला आईचं अक्षर. इतके दिवस मी लायलचे पाय मोजत बसले. या घरात आम्ही दोघंच आहोत हे खरं, पण मागे राहायला नवराच जावा लागतो असं कुठे आहे? मला बहीण पण आहे, हे मी भांडणात विसरून गेले होते.

ता. क. शेवटचं. अभिमान गिळून तुला फोन केला. वाजतोय. लायल म्हणतो तू बागेत असशील. असशीलच. पत्र तो टपालात टाकेल तोवर मी इथे फोन लावत बसते. ताई, भांडं तुझंच. कधीच मागणार नाही, शपथ. तू फक्त तुझं कपाट उघड, ते तिथेच आहे ना बघ, आणि मला फोन करून शिव्या घाल, की एल्डा, भांडं माझ्याकडेच आहे, तुला डोकं नाही. कारण इथे जे आहे ते गरम आहे, वर छान लाल झालंय, आम्ही दोघांनी चमचाही लावलेला नाही, आणि तरी त्याचा एक कोपरा, तोच तो करपलेला, ज्यावरून आपण दर रविवारी भांडायचो आणि जो आई नेहमी तुलाच द्यायची, तो आधीच कुणीतरी खाऊन गेलंय.